सोमवारच्या हजेरीचा रस्ता

धर्मपाल, तू फक्त आयक. मधात बोलू नोको. पानी प्याचं असन तं आताच पिऊन घे, एकडाव सुरू झालो का मी थांबत नाई, तुले माहीत आहे.

आपल्या गल्लीतली ललिताबाई नर्स आहे ना, तिचा बाप, श्रावनबाबा. तोच, जो लिंबाखाली खाटेवर बसून राह्यते, अन् कसं काय बाबा म्हटलं का "थकलो गा" म्हन्ते. अबे, थकन नाई तं काय? तीस वर्सं अकोल्याच्या जिनात काम केलं त्यानं. मशीनमंधी कापूस टाकाचा, सरकी अलग, रुई अलग. ते रुईचे तंतू सारे छातीत जाऊन बसले. दहा पावलं चालते, उभा राह्यते, खोकलते, मंग पुढं जाते. असा मानूस मागच्या फागुनात अकोल्याले गेला अन् एका गोऱ्या बाईले दिवसभर पायी गाव दाखवून आला. अन् आला तवापासून तो आनखीनच थकला.

झालं असं का जिनाच्या मुनीमाचं कारड आलं. रोझन सायबाची पोरगी आली आहे, इस्राईल नावाच्या देशातून. लढाईच्या टायमाले तिचा बाप अठी कसा राह्यला, कोठी जाये, काय करे, ते तिले सारं चालून पाह्याचं आहे. जुन्या मानसाईत तूच उरला, ये. ललिताबाईनं कारड वाचून दाखवलं तं श्रावनबाबानं ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाह्यलं. मंग म्हने, "माह्यानं चालनं होत नाई म्हनून लिवून दे."

"बाबा, ती समुंदर वलांडून आली," ललिताबाई म्हने, "अन् तुमच्यानं बडनेऱ्याहून अकोला होत नाई?"

तिले काय माहीत. चालाचं भेव नव्हतंच त्याले. भेव होतं एका चौकाचं. त्या चौकात येऊन ती पोरगी इचारीन, का काका, अठी काय झालं होतं, अन् मंग आपुन तिले काय सांगाचं, एवढंच.

थांब, पह्यले रोझन सायब कोन ते सांगतो. जर्मनीतला इंजिनेर. ज्यू होता. ज्यू म्हंजे त्याईचा धरम अलग, सोताचा. हिटलरनं त्या लोकाईले घराघरातून काढलं, कोंडलं, मारलं. हा गडी बायकोले अन् लहानश्या पोरीले घेऊन जहाजानं मुंबईले उतरला. अकोल्याच्या जिनवाल्याले जर्मन मशीन दुरुस्त करनारा पाह्यजेच होता. आला अकोल्याले. अन् मंग लागली लढाई. इंग्रजाच्या कागदावर हा काय? जर्मन. म्हंजे दुश्मन. गावाबाहीर जाचं नाई, रेडिओ ठेवाचा नाई, अन् दर सोमवारी सकायी धा वाजता ठान्यात हजेरी लावाची. पाह्य बरं, ज्यानं घरातून हाकललं, त्याच्याच मानसाईत याले धरलं!

तं श्रावनबाबा गेला. पॅसेंजर दोन घंटे लेट. जिनाच्या फाटकावर ती उभी होती, सत्तावीस-अठ्ठावीसची, केस कापलेले, खांद्यावर कापडी झोरा, हातात बापानं काढलेला नकाशा. मेला तो बाप मागच्या साली. नकाशात जिन, घर, चौक, ठानं, साऱ्याईवर आकडे टाकून ठेवले होते. दहा वर्सांची होती तवा ती अठून गेली. श्रावनबाबाले वाटलं आता ही इंग्रजी बोलन अन् आपुन मुंडी हालवू.

तं ती म्हने, "तू श्रावनकाका होय. तू माहा दात काढला होता. दोरा बांधून."

अबे, वऱ्हाडीत! लहान लेकरावानी, साऱ्याईले तू-तू करून!

"माय," श्रावनबाबा म्हने, "तुले आपलं बोलनं याद आहे?"

"झोपीत येते," ती म्हने. "जागी असली का येत नाई. आज येऊन राह्यलं."

फाटकावरचा मोतीराम चौकीदार मोठ्यानं हासला. "काय गा श्रावन, गाइड झाला का मेमसायबाचा? टोपी तं घाल बुढ्या!"

श्रावनबाबानं त्याच्याइकडं पाह्यलंही नाई. तिले आत नेलं. हे मशीन. अठी तुहा बाप उकिडवा बसे, मशीनच्या पोटात हात घालून. हा खोका त्याचा. अन् ही जागा पाह्य, अठी तो माह्या लोट्यातलं पानी पे. सारं जिन पाहे. मालकाचा भाऊ म्हने, सायब, त्याच्या लोट्यातलं पिऊ नका, तो कोन आहे तुमाले माहीत नाई. सायब म्हने, "मेरे गाँव में मैं भी वही हूँ." बस, अन् गटागटा पेला.

तिनं सारं वहीत लिवलं. मंग निंगाले. तो दहा पावलं चाले अन् थांबे. ती पन थांबे. उन्ह डोक्यावर चढून राह्यलं होतं, कापसाच्या बैलबंड्या रांगेनं उभ्या, फुफाटा. ती म्हने, "काका, बसून घे." तो म्हने, "बसलो का उठनं होत नाई. चाल."

दुसरा नंबर घराचा. रोझन सायब पार्बताबाईच्या घरी भाड्यानं राहे. पार्बताबाई मोठ्या घरची विधवा, लय सोवयी, शिवाशिव पायनारी. श्रावनबाबा सायबाचा निरोप घेऊन जाये तं ओट्याखाली उभा राहे, अन् बाई वरून त्याच्या हाताच्या वंजईत पानी वती. पन याच बाईनं जवा गावात कोनी जर्मनाले घर देत नव्हतं तवा दोन खोल्या देल्ल्या. पोरीले मांडीवर घेऊन जेवू घाली. तं ते आता ऐंशीची झाली होती, अन् कोनी तरी सांगतलं असन, सकायपासून ओट्यावर येऊन बसली होती. बाजूले ताटलीत ओले धापोडे. ज्वारीचे पापड उन्हात वायू घालाच्या आधी ओलेच खाते ना पोरं, तसे. लहानपनी पोरगी त्याच्यावर जीव टाके.

"रुती आली का वो?" दूरूनच आवाज देल्ला म्हातारीनं. रूथ तिचं नाव, म्हातारी रुती म्हने.

अन् ती रूथ, अबे, तिनं मानच वयवली नाई! नकाशात डोकं घातलं अन् सरसर पुढं निंगाली, जसं काही ते घरच नाई तठी.

"श्रावन्या," म्हातारी मांगून वरडली, "तिले सांगतलं नाई का बे, मी अठी बसून हावो म्हनून?"

श्रावनबाबा मधात उभा. ना इकडं जाता ये, ना तिकडं. मंग खोकलत खोकलत पोरीच्या मांगं गेला. काहून असं केलं, इचारावं म्हने, पन दम नव्हता. अन् समोर तो चौक आला.

आता आयक हे. चौकात आली अन् त्या पोरीचं तोंडच बदललं. झोरा खाली ठेवला, दोनी हात पसरले.

"अठी! काका, अठी बाबाले हार घातला! मी बाबाचं बोट धरून होती. हजेरी लावून येऊन राह्यलो होतो. लोकं आले, लय लोकं, डफडं वाजवून राह्यले, बाबाले खांद्यावर घेतलं, मले बत्तासे देल्ले. एवढा मोठ्ठा झेंडूचा हार! मी मास्तरीन आहो ना तिकडं, दर वर्सी मी शायेतल्या पोराईले सांगतो. साऱ्या दुनियेनं आमाले दार लावलं तवा एका गावानं माह्या बापाले हार घातला. माही आजी मेली, मामा मेले, त्याईचे लेकरं मेले. पन हे झालं. झालं का नाई?"

"झालं," श्रावनबाबा म्हने.

"लोकं काय वरडत होते? तेवढं मले याद नाई. बाबाले इचारलं तं तो सांगेच नाई. काय वरडत होते, काका?"

धर्मपाल, ते काय वरडत होते सांगू? हिटलरची जय!

हो बे. बेचायीसचं साल. गांधीबाबाले धरून नेलं होतं, पोरं तारा तोडून राह्यले होते, गाव खवयलेलं. लोकाईचा सादा हिसाब, इंग्रज ज्याले दर सोमवारी ठान्यात उभा करते, तो आपल्या बाजूचा. हा जर्मन, म्हंजे हिटलरचा मानूस, म्हंजे इंग्रजाले पुरून उरनारा मानूस. ज्यू काय चीज असते कोनाले माहीत होतं? अन् तो हार कोनं आनला, कोनं घातला, सायबाले खांद्यावर कोनं घेतलं, मालूम? श्रावनबाबानं. तवा तिशीतला गडी, आंगात रग. त्याले वाटलं, माह्या लोट्यातलं पानी पेनारा सायब, याच्यासाठी आपुन काही तरी केलं पाह्यजे. सोता झेंडू तोडून आनले, सोता ओवले. खांद्यावर सायब थरथर कापून राह्यला होता, तं याले वाटलं खुशीनं कापून राह्यला.

त्या दिवशी दुपारी सायब जिनात आला. खोक्यावर बसला. खिशातून आपलं पासपोटाचं पुस्तक काढलं, उघडलं. आतमंधी लाल शाईनं एक मोठ्ठं इंग्रजी अक्षर मारलेलं. म्हने, "श्रावन, ये हिटलर का ठप्पा है. कि ये आदमी नहीं, यहूदी है. वो मेरी माँ को ले गया, श्रावन." असा साद्या आवाजात, रागही नाई. श्रावनबाबा तठीच खाली बसला. त्याले ठप्पा मारलेला मानूस म्हंजे काय असते, हे समजून सांगा लागलं नाई. हात जोडले त्यानं. तं सायब म्हने, एकच काम कर. "बच्ची को लगता है, लोगों ने प्यार किया. लगने दो. उसको कभी मत बोलना."

अन् यानं वचन देल्लं.

दुसऱ्या दिवशी सकायी पोलीस आले अन् सायबाले घेऊन गेले. हिटलरच्या नावानं जुलूस निंगाला म्हटल्यावर सोडते का? सव्वा वर्स कॅम्पात कोंडला. अन् कोनाबरोबर, तं हिटलरच्या जर्मनाईबरोबर! आला तवा अर्धा झालता. त्यानं श्रावनबाबाले एक शब्द म्हटला नाई. तसाच येऊन खोक्यावर बसला अन् म्हने, "पानी दे."

तं आता ती पोरगी चौकात उभी, पेन्सिल हातात. काय वरडत होते?

"जय म्हनत होते," श्रावनबाबा म्हने.

"कोनाची?"

"तुह्या बापाची, माय. आनखीन कोनाची?"

तिनं लिवलं. डोये पुसले अन् लिवलं. अन् श्रावनबाबाले वाटलं, झालं, सुटलो, आता ठानं दाखवाचं का गाडी पकडाची. पाय असे झालते का जसे दुसऱ्याचे.

ठानं आलं. तिथं समोर एक बाभूय, तिच्या सावलीत दोघं टेकले. ती ठान्याच्या पायऱ्या मोजत होती, लहानपनी मोजे तशा. मंग एकदम म्हने, "काका, मी त्या म्हातारीच्या घरी काहून नाई थांबली, इचारलं नाई तू."

"तू सांगशीन तं सांग."

"तिनंच बाबाले पकडून देल्लं. आई मराले टेकली तवाही म्हने. सोमवारी लोकाईनं एवढी इज्जत केली, ते त्या घरमालकिनीले पाह्यलं गेलं नाई, खोल्या खाली पाह्यजे होत्या, अन् तिनं ठान्यात जाऊन चुगली केली. नाई तं दुसऱ्याच दिवशी पोलीस काहून येतीन? बाबा म्हने कोनाचं नाव घेऊ नोको. पन आईनं घेतलं. मी तिकडं गेली का हे लिवनार आहो, काका. हाराचं लिवीन अन् तिचंही लिवीन. दोनी खरं आहे. एका गावात दोनी परकारचे लोकं असते, पोराईले समजलं पाह्यजे."

श्रावनबाबा आयकूनच राह्यला. म्हातारी तिकडं धापोड्यावरच्या माश्या हाकलून राह्यली असन. तिले तं मालूमही नाई का वीस वर्सं तिच्या नावावर काय चढून आहे. खरं सांगावं, तं हार जाते. नुसता हार नाई, त्या पोरीची आजी-मामे मेल्यावर जे काही एक हातात उरलं, तेच जाते, अन् मेलेल्या मानसाले देल्लं वचनही जाते. नाई सांगावं, तं पार्बताबाई कायमची वहीत चुगलखोर होऊन बसते. हो, वरून पानी वते ते. पन हे तिनं केलं नाई ना!

तो मले म्हने, "मले तवा एवढं थकल्यावानी झालं का वाटलं अठीच लेटून घ्यावं, अन् कोनी आलंच तं म्हना, मेला म्हनून."

पन तिले म्हने काय तो? म्हने, "माय, ते म्हातारीनं नाई केलं. म्या केलं."

"काय?"

"म्या सांगतलं ठान्यात. सायबाच्या घरी रेडिओ आहे म्हनून."

ती पाह्यतच राह्यली. "आमच्याकडं रेडिओ नव्हता."

"म्हनून तं. खोटं सांगतलं."

"काहून?"

आता याले कारनच सुचेना! थकलेला मानूस, खोटं बोलाची सवय नाई. म्हने, "फौजदारानं दम देल्ला. मी भेलो."

"पन तू तं..." ती म्हने, "तुह्या लोट्यातलं तो पानी पे."

"हो."

"अन् परत आल्यावरही पेला? तू त्याले पाजलं?"

"पाजलं."

बस. शिवी देल्ली असती तं बरं, श्रावनबाबा म्हने. तिनं वहीचं पान काढलं, मागचं काही तरी खोडलं, नवीन लिवलं. त्याले इचारलं, "तुहं पुरं नाव काय?" यानं सांगतलं. बापाच्या नावासकट. तिनं लिवून घेतलं, झोरा उचलला, अन् एकटीच आल्या रस्त्यानं वापस निंगाली.

तो मांगून गेला, मोठा फासला ठेवून. गल्लीच्या कोपऱ्यावरून पाह्यलं. ती ओट्यावर चढली, म्हातारीच्या मांडीत डोकं घातलं, अन् म्हातारी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून राह्यली. "काहून गेलती वो मघानी? लाजली का?" म्हने. मंग म्हातारीची नजर कोपऱ्यावर गेली. "ये रे श्रावन्या, तूही घे दोन," म्हने. अन् रूथनं वर पाह्यलं, अन् त्याले पाहून तोंड फिरवलं. श्रावनबाबा मांगच्या मांगं फिरला. ठेसनावर पॅसेंजर लागून होती, बसाले जागा नव्हती, बडनेऱ्यापावतर दाराशी उभा आला.

आता इथपर्यंत ललिताबाईलेही मालूम नव्हतं. पंधरा दिवसानं मुनीमाचं दुसरं कारड आलं. रूथ जाता जाता मुनीमाले सारं सांगून गेलती. मुनीमानं लिवलं, ज्याचं पानी पाजलं त्याचाच घात केला, आमी तुले भला समजत होतो, यापुढं जिनाच्या फाटकावर येऊ नोको. मोतीराम तं सांगत फिरला अकोल्याच्या साऱ्या ताजनापेठीत. श्रावनबाबाचा सख्खा साळा सहदेव, अकोल्याले असते, त्याच्या घरी नातवाचं नाव ठेवनं होतं, त्यानं बलावनं धाडलं नाई. ललिताबाई रडून रडून इचारे, "बाबा, हे खरं आहे?" तवा एका दुपारी, लिंबाखाली, तिच्या अन् माह्या समोर, खोकलत खोकलत त्यानं हे सारं सांगतलं. असंच, जसं मी तुले सांगून राह्यलो, पन हयूहयू, मधात चारदा झोप लागली त्याले.

ललिताबाई उठली, मले म्हने, "तू शिकेल आहे ना? लिव पत्र त्या बाईले. इंग्रजीत लिव. खरं काय ते सारं लिव. माह्या बापानं काही केलं नाई." पत्ता मुनीमाजवयून आनला तिनं, सोता जाऊन, भांडून. मी बसलो. कागद घेतला. पह्यली ओळही लिवली, का आदरनीय बाई, तुमचा गैरसमज झाला आहे.

श्रावनबाबानं डोये उघडले. मले वाटलं नाई म्हनन. तं म्हने, "लिव बाबू, मी आडवत नाई. मलेही मानसाईत बसावं वाटते, सहदेवच्या घरी जावं वाटते. फक्त एवढं कर, आता तिच्या शायेतल्या पोराईले तिनं हाराचं काय सांगाचं, तेही त्याच पत्रात लिव."

अन् कूस बदलून झोपला.

पाच दिवस झाले, धर्मपाल. पेन उचलतो अन् ठेवतो. ललिताबाई रोज इचारते, टाकलं का पत्र, अन् मी उद्या म्हन्तो. मले तं काहीच समजून नाई राह्यलं बे. पत्राचं सोड, ते माहं मी पाहीन. तू मले फक्त हे सांग, त्या बाभयीखाली तू बसला असता, दिवसभर चालून चालून पाय गेलेले, अन् तिनं वही उघडून म्हातारीचं नाव घेतलं असतं, तं तू काय केलं असतं?